वेडेपणाच्या बाजूने

पशुवैद्यकाची पदवी हातात पडते तेव्हा साडेपाच वर्षं गेलेली असतात, शेवटची आंतरवासिता धरून. घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून हिशेब सुरू होतो. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी व्हायचं, पुण्या-मुंबईत कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकायचा, की एखाद्या औषधाच्या नाहीतर कोंबडीखाद्याच्या कंपनीत शिरायचं? तिन्ही वाटा चांगल्या आहेत. या वाटांनी गेलेल्यांनीच महाराष्ट्राची गुरं जगवली, दूध वाढवलं, लाळ्या-खुरकुताच्या साथी अडवल्या. त्यांना नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही.

पण प्रत्येक तुकडीत एखाददुसरी मुलगी किंवा मुलगा असा निघतो की तो आईवडिलांसमोर बसतो आणि सांगतो, ‘मला जंगलातल्या प्राण्यांचा डॉक्टर व्हायचंय.’ घर गप्प होतं. मग कुणीतरी मामा विचारतात, ‘अरे, पण त्यात नोकरी देतं कोण?’ मामांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर फारसं धीर देणारं नाही. कायमच्या जागा मोजक्या, बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी, शिकायच्या सोयी विखुरलेल्या. रुग्ण चावतो, ओरबाडतो, आणि बरा झाला की पिंजऱ्याचं दार उघडताच मागे वळून न पाहता निघून जातो. हे सगळं समजून-उमजून जो त्या वाटेला जातो त्याला लोक वेडा म्हणतात.

मला तो शब्द मान्य आहे. हा वेडेपणाच आहे, आणि त्याची उघड स्तुती करावी असं मला फार दिवस वाटत आलं आहे. आपल्या देशातलं वन्यप्राणी वैद्यक कुठल्या मोठ्या योजनेतून उभं राहिलेलं नाही. ते मूठभर माणसांच्या या वेडेपणावर उभं राहिलं आहे आणि अजूनही त्यावरच टिकून आहे.

पहिला वेडेपणा रुग्णाच्या निवडीतला. गाय दावणीला बांधलेली असते, कुत्रा मालकाच्या मांडीवर असतो. बिबट्याला हात लावायचा तर आधी झोपवावं लागतं, आणि झोपवण्यापूर्वी डॉक्टरला त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. वजन किती, पोट भरलेलं आहे का, मूत्रपिंडं धड आहेत का, मादी असेल तर गाभण आहे का? उसाच्या पाचटाआडून दिसणाऱ्या पाठीवरून आणि पंजाच्या ठशावरून अंदाज बांधायचा. चाळीस किलोची मादी की पासष्ट किलोचा नर, एवढ्या एका अंदाजावर पुढचा अर्धा तास ठरतो. औषध कमी पडलं तर अर्धवट भुलीतला बिबट्या उठून गर्दीत शिरतो. जास्त झालं तर त्याचा श्वास मंदावत जातो.

आपल्याकडे या कामासाठी बहुतेक वेळा केटामाइन आणि झायलाझिन ही जोडी वापरतात. या जोडीचं एक घट्ट मिश्रण म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात तयार झालं आणि जगभर ते त्याच नावाने ओळखलं जातं. थोड्या मिलिलिटरांत पुरेसं औषध मावतं, म्हणून ते डार्टमध्ये भरता येतं. डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत बसला पाहिजे. पोटात, बरगडीत किंवा चरबीत बसून चालत नाही. झायलाझिनने मांजरकुळातल्या प्राण्याला उलटी होऊ शकते, म्हणून मान कशी ठेवायची याचं भान लागतं. केटामाइनच्या अमलात डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून वर पट्टी बांधायची. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. उतारा घाईने दिला तर उरलेल्या केटामाइनच्या अमलात प्राणी झटके देत, धडपडत उठतो. अंगाचा ताप दर थोड्या वेळाने मोजायचा, कारण पळून पळून तापलेला प्राणी भुलीत असताना स्वतःला थंड करू शकत नाही. फार पाठलाग झाला असेल तर त्याचे स्नायू आतून नासायला लागतात, आणि सकाळी सुखरूप सोडलेला प्राणी चार दिवसांनी मरून पडलेला सापडतो.

हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे. पण मे महिन्याच्या दुपारी, बांधावर चारशे माणसं मोबाइल उंचावून उभी असताना, आमदारांचा फोन वनपालाच्या कानाला असताना, ते हाताला वेळेवर आठवायचं तर आधी कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून ते पाहिलेलं असावं लागतं. जुन्नर भागात बिबट्या विहिरीत पडतो तेव्हा नवखा माणूस आधी डार्टगन शोधतो. जाणता माणूस ती गाडीतच ठेवतो, कारण भूल चढताच बिबट्या पाण्यात बुडेल. तो आधी दोर बांधून खाट खाली सोडायला लावतो, म्हणजे पोहून दमलेल्या प्राण्याला टेकायला जागा मिळते. मग पिंजरा सोडतो आणि माणसांना मागे हटवतो. त्या दिवशी डॉक्टरने औषध वापरलेलंच नसतं. भूल कधी द्यायची नाही हे कळणं ही या शास्त्रातली मोठी विद्या आहे, आणि ती वर्गात बसून येत नाही.

हत्ती-गेंड्यांसाठी जगात एटॉर्फिन वापरतात. ते मॉर्फिनच्या हजारपटीहून तीव्र आहे. त्याचा थेंब माणसाच्या अंगात गेला तर जीव धोक्यात येतो, म्हणून जवळ माणसासाठीचा उतारा आणि तो टोचायला शिकलेला सहकारी असल्याशिवाय कुपी उघडायची नाही असा दंडक आहे. रुग्णासाठी आणलेल्या औषधाने स्वतःच मरण्याची शक्यता गृहीत धरून काम करणाऱ्या माणसाला शहाणा कोण म्हणेल?

दुसरा वेडेपणा याहून अवघड आहे. साडेपाच वर्षं मेहनत करून शिकलेल्यातलं पुष्कळसं बाजूला ठेवायची तयारी लागते. पशुवैद्यकाचं शिक्षण गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी यांच्याभोवती बांधलेलं आहे. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा देशाची गरज बैल आणि घोडे यांची होती, आणि ते योग्यच होतं. वन्यप्राण्यांचा विषय अभ्यासक्रमात आज आहे, पण ताटातल्या लोणच्याएवढा. त्यामुळे पदवीधर जंगलात जातो तो गाईचं आणि कुत्र्याचं ज्ञान घेऊन, आणि ते ज्ञान दुसऱ्या प्राण्याला जसंच्या तसं लावणं किती महागात पडतं याचे दाखले फार दूर नाहीत.

१९६२ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीवर एक प्रयोग झाला. नर हत्तींना येणारा माज एलएसडीने कृत्रिमरीत्या आणता येतो का, हे संशोधकांना पाहायचं होतं. डोस त्यांनी मांजरांवरच्या अनुभवावरून, वजनाच्या पटीत काढला आणि २९७ मिलिग्रॅम टोचले. काही मिनिटांत टस्को कोसळला आणि पावणेदोन तासांच्या आत मेला. तो नेमका एलएसडीने गेला की नंतर सावरण्यासाठी दिलेल्या औषधांनी, यावर पुढे वाद झाले. हिशेबातली चूक मात्र वादातीत आहे. शरीर मोठं होतं त्याच प्रमाणात चयापचय वाढत नाही. दर किलोमागे हत्तीचं शरीर मांजरापेक्षा कितीतरी संथ चालतं, म्हणून औषधाची मात्रा सरळ गुणाकाराने काढता येत नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालय वैद्यकाच्या वर्गांत टस्कोची गोष्ट अजून सांगतात.

आपल्याकडचा दाखला गिधाडांचा. नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी होऊ लागली तेव्हा आधी संशय विषाणूवर, मग कीटकनाशकांवर गेला. पाकिस्तानच्या पंजाबात काम करणारे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून पाहत राहिले. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर, मूत्रपिंडं निकामी. एकेक कारण तपासून बाद केल्यावर त्यांनी साधा प्रश्न विचारला, की गिधाडं ज्या गुरांचं मांस खातात त्या गुरांना हल्ली काय टोचतात? औषधांच्या दुकानांतून आणि पशुवैद्यकांकडून उत्तर आलं: डायक्लोफेनॅक. गाईच्या सांधेदुखीवरचं स्वस्त, चांगलं औषध. २००४ साली ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला, २००६ साली भारताने डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णव संपली होती. पुढे २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली.

ही इंजेक्शनं देणाऱ्या पशुवैद्यकांनी काही गैर केलं नव्हतं. त्यांनी गाय बरी केली. गाईनंतर तिचं मांस कोण खातं हा प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता, एवढंच. शहाण्या शिक्षणाने जे विचारलं नाही ते विचारायला कुजलेल्या गिधाडाच्या पोटात हात घालणारा माणूस लागला.

आता हा वेडेपणा शिकायचा कुठे? बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत वन्यप्राणी आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या आरोग्याची पदविका आहे. केरळात वायनाडच्या पूकोड इथे पशुवैद्यक विद्यापीठाचं वन्यजीव अभ्यास केंद्र आहे. चेन्नईजवळ वंडलूरचं प्राणिसंग्रहालय आहे. गुवाहाटीचं खानापारा महाविद्यालय हत्तींसाठी नावाजलेलं आहे. हैदराबादला सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या केंद्राची लॅकोन्स ही प्रयोगशाळा संकटग्रस्त प्राण्यांच्या जनुकांवर आणि प्रजननावर काम करते. देहरादूनची वन्यजीव संस्था १९८२पासून आहे, पण तिचा मोठा पदविका अभ्यासक्रम वनाधिकाऱ्यांसाठी. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं; ते सेवेतल्या पशुवैद्यकांसाठी छोटी प्रशिक्षणं भरवतं. आपल्या नागपूरला, गोरेवाड्यात, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारीच बचाव केंद्र आणि प्राणिसंग्रहालय आहे.

नावं वाचताना यादी बरी वाटते. पण यातल्या बहुतेक ठिकाणी जे मिळतं ते वर्गातलं शिक्षण, थोडी भेट, थोडं प्रात्यक्षिक. एखाद्या रुग्णालयात तीन वर्षं पगारावर राहून, वरिष्ठाच्या हाताखाली रात्री-अपरात्री वाघापासून कासवापर्यंत सगळं पाहून, शेवटी कडक परीक्षा देऊन विशेषज्ञ व्हायचं, अशी वाट भारतात जवळजवळ नाहीच. अमेरिकेत ती आहे. तिथे १९८३ साली ‘अमेरिकन कॉलेज ऑफ झूलॉजिकल मेडिसिन’ स्थापन झालं. आधी आंतरवासिता, मग साधारण तीन वर्षांचं निवासी प्रशिक्षण आणि मग परीक्षा. जागा इतक्या थोड्या की तिथलीही हुशार मुलं वर्षानुवर्षं रांगेत उभी राहतात. लंडनला रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि झूलॉजिकल सोसायटी मिळून वन्यप्राणी आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात; तो नावाजलेला आहे, पण त्याची फी मराठी मध्यमवर्गीय घराला कर्ज काढूनच भरावी लागते.

आणि ती अमेरिकेतली वाट तरी कुणी पाडली? मरे फाउलर नावाच्या माणसाने. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यक विद्यालयात ते घोड्या-गुरांचे डॉक्टर होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी प्राणिसंग्रहालय वैद्यक शिकवायला घेतलं, तेव्हा त्या विषयाला धड पुस्तक नव्हतं. ते त्यांनी स्वतः घडवलं. १९७८ साली आलेला तो ग्रंथ नव्या आवृत्त्यांनी वाढत गेला आणि अजून जगभर वापरात आहे. चांगली चाललेली जागा सोडून, नसलेल्या विषयाचा प्राध्यापक होणं याला त्या वेळीही कुणी शहाणपण म्हटलं नसणार.

आपल्याकडे डॉ. व्ही. कृष्णमूर्ती होते. तामिळनाडूच्या वन खात्यात, मुदुमलईच्या हत्तींच्या छावणीत त्यांनी आयुष्य घालवलं. रानात मेलेला प्रत्येक हत्ती उघडून पाहिला पाहिजे, तो कशाने मेला हे लिहून ठेवलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. चार दिवस सडलेल्या हत्तीच्या पोटात उतरायचं, गोळी शोधायची, रोग शोधायचा, नोंद करायची. त्या काळी रानटी हत्तीचं शवविच्छेदन कुणाला आवश्यक वाटत नव्हतं. मेलेल्या हत्तीपासून कुणाला काय मिळणार होतं? त्यांच्या नोंदींमुळे हत्ती कशाने मरतात, त्यांतले किती माणसाच्या हाताने मरतात, हे पुराव्यानिशी बोलता येऊ लागलं. तमिळ लेखक जेयमोहन यांची ‘यानै डॉक्टर’ ही कथा त्यांच्यावरूनच लिहिलेली आहे. एका सरकारी पशुवैद्यकावर एवढी मोठी कथा लिहिली गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आसामात डॉ. कुशल कोंवर शर्मा यांनी खानापाऱ्याला शल्यचिकित्सा शिकवता शिकवता हत्तींवर उपचारांचं प्रचंड काम केलं. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. या माणसांच्या हाताखाली जे उभे राहिले तेच आज या विषयातले जाणते आहेत. देशभर पसरलेली ही गुरुशिष्यांची साखळी कुठल्या शासन निर्णयात नोंदलेली नाही, तरी आपली खरी प्रशिक्षण व्यवस्था तीच आहे.

या वेडेपणाचा माणसांना उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी न्यूयॉर्कची हकिगत सांगेन. १९९९च्या उन्हाळ्यात क्वीन्स भागात वृद्ध माणसं मेंदूज्वराने आजारी पडू लागली. सरकारी यंत्रणेने निदान केलं सेंट लुई मेंदूज्वराचं. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पक्षीही. तिथल्या पशुवैद्यक-विकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनमारा त्या पक्ष्यांचे मेंदू तपासत होत्या, आणि त्यांना निदान पटेना. सेंट लुईच्या विषाणूने पक्षी मरत नाहीत. आणि घोड्यांना होणारा पौर्वात्य मेंदूज्वर म्हणावा, तर त्याने आधी इमू मरायला हवे होते. इमू तर ठणठणीत होते. माणसांच्या साथीशी प्राणिसंग्रहालयाचा काय संबंध, असंच सुरुवातीला त्यांना ऐकावं लागलं. त्यांनी नमुने दुसऱ्या प्रयोगशाळांकडे पाठवले, पाठपुरावा सोडला नाही, आणि शेवटी निघाला तो वेस्ट नाईल विषाणू, अमेरिका खंडात पहिल्यांदाच. इमू निरोगी आहेत ही साधी गोष्ट लाखमोलाचा पुरावा ठरू शकते, हे ओळखायला इमूंचा डॉक्टर लागतो.

आपल्याकडे सिंधुदुर्गात २०१६ साली बांदा-दोडामार्ग परिसरात माकडतापाची साथ आली तेव्हा काजूच्या बागांत काम करणारी माणसं आजारी पडली, काही दगावली. शेजारी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही त्या सुमारास तोच ताप होता. हा क्यासनूरचा विषाणू. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात ओळखला गेला, गोचिडांमार्फत पसरतो. माणसांआधी माकडं मरतात. रानात पडलेलं मेलेलं माकड ही त्या गावासाठी आगाऊ सूचना असते, आणि ती वाचायला, संरक्षक कपडे घालून नमुना घ्यायला, गोचिडांसाठी आसपासची जागा हेरायला शिकलेला पशुवैद्यक तालुक्याला हवा. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासणी होऊन कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू निघाला. याच रोगाने १९९४ साली सेरेनगेटीत सुमारे हजार सिंह गेले होते, म्हणजे ती गोष्ट पाव शतकापूर्वीच पुस्तकात आली होती. डिसेंबर २०२४च्या अखेरीस गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले आणि निदान आलं बर्ड फ्लूचं. वाघाला कोंबड्यांचा रोग! त्या पिंजऱ्यांत रोज खाणं टाकणाऱ्या माणसांचा जीव त्या निदानावर अवलंबून होता.

मध्य प्रदेशातल्या कुनोत आणलेल्या चित्त्यांचं उदाहरण ताजं आहे. २०२३च्या पावसाळ्यात काही चित्ते मानेवरच्या जखमा चिघळून मेले. दक्षिण गोलार्धातून आलेल्या त्या प्राण्यांच्या अंगावर तिकडच्या हिवाळ्याचे दाट केस आले होते, इथे मात्र पाऊस आणि दमट उकाडा होता. गळ्यातल्या रेडिओ-कॉलरखाली ओल राहिली, माश्या बसल्या, अळ्या पडल्या. जगातल्या कुठल्याच पुस्तकात हे आधी लिहिलेलं नव्हतं, कारण असा प्रकार आधी घडलाच नव्हता. ते तिथल्या डॉक्टरांनी मेलेल्या चित्त्यांकडून शिकून घेतलं आणि उरलेल्यांच्या माना तपासल्या. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हा इथल्या पशुवैद्यकांनाही अशीच नव्याने सुरुवात करावी लागली.

अशा माणसांना आपण ठेवतो कसं? वन खात्यात पशुवैद्यक येतात ते पुष्कळदा पशुसंवर्धन विभागातून प्रतिनियुक्तीवर, नाहीतर कंत्राटावर. पहिली दोन वर्षं शिकण्यात जातात. हात बसतो, नजर तयार होते, वनरक्षकांशी सूर जुळतो, आणि मुदत संपते. बिबट्याचं वजन पाठीवरून सांगणारा माणूस पुन्हा तालुक्याच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाची नोंदवही भरायला बसतो. रेतनाचं काम हलकं नाही, पण ते करू शकणारी हजारो माणसं आहेत. त्याच्या जागी जो येतो तो पुन्हा पहिल्यापासून शिकतो, आणि त्याच्या शिकण्याची किंमत प्राणी मोजतात, कधी वनरक्षकही मोजतात. नियमांचं ओझं वेगळं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधल्या प्राण्याला भूल द्यायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती लागायलाच हवी. केटामाइन २०१३पासून औषधांच्या अनुसूची एक्समध्ये आहे, त्याचाही हिशेब काटेकोर ठेवावा लागतो, तोही योग्यच. पण हे सगळं सांभाळून रात्री अडीचला उसात उभा असलेला माणूस अकरा महिन्यांच्या करारावर असावा, हे योग्य नाही.

महाराष्ट्राकडे या शिक्षणासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे. गोरेवाड्याला विद्यापीठाचं केंद्र आणि मोठा प्राणिसंग्रह आहे. नागपूर आणि चंद्रपूरला वन्यप्राण्यांची उपचार केंद्रं आहेत. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही बिबट्यांची देखभाल होते. कात्रज आणि भायखळा इथे महापालिकांची प्राणिसंग्रहालयं आहेत. पुण्यात विषाणूविज्ञान संस्था आहे. या सगळ्यांना जोडणारं तीन वर्षांचं, पगारी, फिरतं निवासी प्रशिक्षण सुरू करायला नवी इमारत लागत नाही. दरवर्षी सहा जागा, प्रत्येक ठिकाणी नेमलेला वरिष्ठ, शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर परीक्षा, आणि उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी वन खात्यात कायमचा पशुवैद्यकीय संवर्ग. पशुसंवर्धन, वन, नगरविकास आणि विद्यापीठ यांनी एका टेबलावर बसायला हवं. जुनागढला राष्ट्रीय वन्यजीव संदर्भ केंद्राची पायाभरणी मार्च २०२५मध्ये झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण गडचिरोलीतल्या जखमी वाघाला जुनागढ फार लांब पडतं.

ही वाट धरणाऱ्या मुलामुलींनाही काही गोष्टी सांगायच्या आहेत. पैसे भरून वाघाच्या पिल्लासोबत फोटो काढू देणाऱ्या, पंधरा दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवणाऱ्या ‘अनुभव’ सहलींपासून दूर राहा. चांगलं केंद्र तुम्हाला पिल्लाला हात लावू देत नाही, आधी पिंजरा धुवायला लावतं. गाईगुरांची शस्त्रक्रिया आणि कुत्र्यांची भूल नीट शिकून घ्या, कारण तिथे शेकडो वेळा केलेलं काम जंगलात एकदाच करायची वेळ येते. शवविच्छेदनाचा कंटाळा करू नका. रोज लिहा, वजन, वेळ, मात्रा, श्वास, ताप, सगळं; फाउलरांचं पुस्तक आणि कृष्णमूर्तींचे अहवाल अशाच नोंदींतून झाले. चांगला वरिष्ठ सापडला तर पद आणि गाव न पाहता त्याच्याजवळ राहा.

आणि ज्या घरात उद्या एखादी मुलगी आईवडिलांसमोर बसून हे सांगणार आहे त्या घराला विनंती, की तिच्याशी पगाराचं जरूर बोला, विम्याचं बोला, रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायला सांगा. पण तिला अडवू नका. राज्यात ही माणसं फार थोडी आहेत आणि जी आहेत तीही हळूहळू निवृत्त होत आहेत.